बारकीचा कडा

माझी धाकटी बहीण बेटावर राहते असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मऊ वाळू नि झोपाळा उभा राहतो. तसलं काही नाही हो तिथे. खडक, वारा आणि पक्ष्यांची शिट, एवढंच. एकवीस वर्षं ती तिथली राखणदार आहे. कागदावरचा हुद्दा चांगला दोन ओळींचा आहे, पण काम असं की समुद्रपक्षी अंडी घालायला आले की त्यांच्यावर नजर ठेवायची आणि त्यांना छळायला येणाऱ्यांना हाकलून लावायचं. घरात आम्ही तिला बारकी म्हणतो. बारकी आता एकोणपन्नास वर्षांची आहे, तरी बारकीच.

मी तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते, त्यातली शेवटची बारा वर्षं मुख्य नर्स. माझा आवाज मोठा आहे हे मला मान्य आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात हळू बोलणारीला कोण विचारतो?

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात आईला माझ्याकडे आणलं. आई विसरायला लागली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरली, मग वार विसरली, मग मला विसरली. मला ती 'सिस्टर' म्हणते. "सिस्टर, माझी बारकी कधी येणार?" सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि दिवे लागायच्या वेळेला तर पाच-सहा वेळा. अंघोळ मी घालायची, नखं मी कापायची, औषधं मी द्यायची, आणि जप कोणाचा तर बारकीचा. आईवर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मला येतो राग.

म्हणून मी ठरवलं, बेटावर जायचं आणि बारकीला घरी घेऊन यायचं. कायमचं. तिला पाहून आई शांत होईल, आणि मी चार दिवस लेकीकडे जाऊन स्वस्थ झोपेन. पक्षी काय, आपले आपण अंडी घालतील. लाखो वर्षं घालतच होते की, बारकी नव्हती तेव्हाही!

हे फोनवर सांगितलं असतं तर तिनं काहीतरी कारण काढलं असतं. तेव्हा "तुझे पक्षी बघायला येते" असं कळवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली मी नव्हे, पण लपवलं. आईपाशी आमचे हे थांबले. सोमवारच्या होडीनं जायचं आणि गुरुवारच्या होडीनं दोघींनी परत यायचं, असा माझा बेत होता.

होडीतून उतरले तेव्हा धक्क्यावर बारकी उभी होती. उन्हावाऱ्यानं रापलेली, केस पांढरे, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. हातात दोन काठ्या. एक माझ्या हातात देऊन म्हणाली, "ही डोक्याच्या वर धरायची."

"टेकायची की वर धरायची?"

"वरच धर. कळेल."

कळलं. पन्नास पावलं चाललो नाही तोच वरून पांढऱ्या चिंध्या फाटल्यासारखा कलकलाट झाला आणि सुरय नावाचे ते टोकदार चोचीचे पक्षी आमच्यावर तुटून पडले. त्यांची अंडी वाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्यावरच होती. बारकीचं म्हणणं असं की ते जे सगळ्यात उंच असेल त्यावर चोच मारतात, म्हणून काठी वर धरायची; मार काठीला बसतो. मी धापा टाकत काठी खाली आणली आणि टाळूवर अशी एक बसली की आई आठवली. मूठभर जीव, पण काय ती हिंमत! वॉर्डात मी भल्याभल्या सासवांना दाराबाहेर काढलं आहे, पण इतक्या जोरात नाही.

"दगडावरच पाय ठेव हं ताई," बारकी पुढून म्हणाली. "मातीत नको. खाली घरं आहेत."

त्या बेटाच्या पाठीवरची माती आतून पोखरलेली होती. एका जातीचे पक्षी बिळं खणून हातभर आत अंडं घालतात, आणि वरून माणसाचा पाय पडला की छप्पर खाली. झालं! काठी वर धरायची, डोळे खाली लावायचे, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उडी मारायची, आणि वर साठीची गुडघेदुखी. नाकी नऊ आले. दोन तास मी बारकीला, बेटाला आणि ते निर्माण करणाऱ्याला शिव्या घातल्या. बारकी हसत होती. तिचं पाऊल मात्र एकदाही चुकलं नाही. मध्येच थांबून ती बिळाच्या तोंडाशी कान लावायची आणि "आहे आत" म्हणून पुढे जायची. मला कुठेतरी बरं वाटलं ते बघून. पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकताना मीही असंच म्हणायची.

वाट संपली ती कड्याशी. काठावर लाकडाची एक खोपटी होती, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. समोर लांबट खिडकी. बारकीनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला आत ढकललं.

मी खिडकीतून पाहिलं आणि बोलायचंच विसरले. हे माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

सरळ तुटलेला कडा, खाली फुटणारा समुद्र, आणि कड्याच्या प्रत्येक कपारीवर, प्रत्येक फळीएवढ्या पायरीवर पक्षी. हजारो. दाटीवाटीनं, खांद्याला खांदा लावून उभे. काळी पाठ, पांढरं पोट, ताठ मान. आणि सगळे एकाच वेळी एकमेकांशी भांडत होते. कोर्टाच्या व्हरांड्यात काळे कोट घालून उभे असतात ना, अगदी तसे. मी त्यांना तिथल्या तिथे वकील म्हणायला लागले.

"घरटी कुठेयत?" मी कुजबुजले. मला कुजबुजता येतं हेही तेव्हाच कळलं.

"नसतात. उघड्या खडकावर एकच अंडं. पायांच्या पंजांवर घेतात आणि वरून पोट टेकतात. नवरा-बायको पाळीपाळीनं. एक समुद्रावर गेला की दुसरा हलत नाही. महिनाभर."

"आणि वारा आला की?"

"अंडं एका बाजूला निमुळतं असतं. ढकललं तर लांब जात नाही, बरेचदा जागच्या जागी गोल फिरतं."

आमच्या खिडकीच्या अगदी खाली, हात लांबवला तर पोहोचेल अशी एक रुंद पायरी होती. बारकीची खास पायरी. तिच्यावर चौसष्ट जागा होत्या आणि प्रत्येक जागेला नंबर. बारकीनं एक जाड वही उघडली. पानापानावर रंगीत पेन्सिलीनं काढलेली अंडी. कुठलं निळं, कुठलं हिरवट, कुठलं दुधी. कुठल्यावर शाई सांडल्यासारखे डाग, कुठल्यावर नुसत्या रेघोट्या. एकासारखं दुसरं नाही.

"मादी दर वर्षी त्याच जागेवर येते आणि साधारण तसंच अंडं घालते," बारकी म्हणाली. "आणि स्वतःचं अंडं ओळखते. हजारांतून. ही सतरा नंबर बघ, मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून आहे."

वहीत सतरा नंबरची वीस चित्रं होती. निळसर हिरव्यावर काळ्या रेघा, जसं कोणी लिहिता लिहिता चिडून खोडलंय. मी वही बघत राहिले. एकवीस वर्षांत या पोरीनं काय केलं, असं आमच्याकडे सगळे विचारायचे. मीही विचारायची. आता मला त्या प्रश्नाची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून आई थोडीच शांत होणार होती? मी उद्या विषय काढायचा ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी मला खोपटीत बसवून पलीकडच्या टोकाला कड्यावर उतरायचे दोर तपासायला गेली. जाताना एकच सांगितलं. "काहीही झालं तरी हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

"बरं बाई," मी म्हटलं.

ती गेल्यावर पाऊण तासानं एक भलामोठा कुरव, अंडी पळवणारा समुद्रपक्षी, आला. पिवळी चोच, थंड डोळा, चोर तो चोरच. तो थेट पायरीवर उतरला आणि एकच गोंधळ उडाला. वकील ओरडले, ढकलाढकली झाली, दोघी-तिघी उडाल्या. मी खिडकीतून काठी आपटली तेव्हा कुरव पळाला. पण दोन अंडी जागेवरून सुटून खिडकीखालच्या गवतात, चिखलात येऊन थांबली होती. उघडी. ओली. वर वारा सुटलेला.

आता सांगा, चौतीस वर्षं जिनं ओलं बाळ दिसलं की आधी उचललं, ती काय करणार? हात माझा होता, पण तो माझं ऐकत नव्हता. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले, दोन्ही अंडी उचलली, रुमालानं पुसून स्वच्छ केली, छातीशी धरून ऊब दिली. तेवढ्यात दोन माद्या परत येऊन रिकाम्या जागी उभ्या राहिल्या होत्या. रिकाम्या हातांची आई दिसली की तिच्या कुशीत बाळ द्यायचं, हा आमचा नियम. एक हिला दिलं, एक तिला दिलं. मनात म्हटलं, शाबास सिस्टर.

पहिलीनं अंड्याकडे मान वाकडी करून पाहिलं. चोचीनं ठोकलं. परत पाहिलं. मग मागे सरकली आणि पायाशी आपलं अंडं शोधायला लागली. दुसरीनं तर अंडं सरळ बाजूला लोटलं. दोघी हेलपाटल्यासारख्या फिरत होत्या, आणि अंडी दोघींच्या मधे, पायरीच्या पार बाहेरच्या काठाशी, गार होत पडली होती.

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या वॉर्डात बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची पट्टी असते. इथे अंडं हीच पट्टी होती, आणि मी ती न वाचताच बाळं वाटून मोकळी झाले होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आमच्या वॉर्डात कोणी शिकाऊ मुलीनं हे केलं असतं तर मी तिला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ दिलं नसतं.

बारकी आली तेव्हा मी रडत होते. "मी अदलाबदल केली गं," एवढंच मला सांगता आलं.

तिनं ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. ती ओरडली नाही. खिडकीतून एकदा खाली पाहिलं, वही उघडलीसुद्धा नाही. "निळं सतराचं. दुधी बावीसचं. किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं."

"मग आहे वेळ. चल."

तिनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक खोपटीच्या खांबाला वेढून माझ्या हातात दिलं. मग एक लांब बांबू घेतला. त्याच्या टोकाला वरण वाढायचा मोठा डाव घट्ट बांधलेला होता. हे तिचं हत्यार! पोटावर झोपून ती काठाच्या बाहेर कमरेपर्यंत गेली. खाली समुद्र होता. मी दोर असा धरला होता की तळहाताची सालटी निघाली, तरी कळलं नाही. बारकीचा हात मात्र हलला नाही. तिनं निळं अंडं डावात घेतलं, तीन पक्ष्यांच्या पायांमधून वाट काढत नेलं आणि सतरा नंबरच्या पुढ्यात अलगद उतरवलं. मग दुधी, बावीसच्या पुढ्यात. एकही पक्षी उडाला नाही. किती तरी अवघड बाळंतपणं मी पाहिली आहेत, मोठेमोठे डॉक्टर पाहिले आहेत. असा हात पाहिला नव्हता.

सतरा नंबरनं खाली बघितलं. चोचीनं अंडं जवळ ओढलं, पंजांवर चढवलं, पिसं फुगवली आणि त्यावर बसली. मग तिनं तोंड उघडून काहीतरी बडबड केली, बहुतेक माझ्याबद्दल. बावीसनं जरा वेळ लावला, पण तिनंही घेतलं. मी दोर धरूनच मोठ्यानं म्हटलं, "ओळखलं गं बाई, ओळखलं!" आणि मग माझं रडणं काही थांबेना.

बारकी माझ्या शेजारी येऊन बसली. "ताई, तू पक्षी बघायला नाही आलीस. आई कशी आहे?"

मग मी सगळं सांगितलं. सिस्टर म्हणते ते सांगितलं, दिवसभर तुझं नाव घेते ते सांगितलं, तुला न्यायला आले तेही सांगितलं. आणि जे आमच्या ह्यांनाही कधी बोलले नव्हते तेही बोलले. "तिनं मला एकदा ओळखावं. फक्त एकदा. मग बारकी बारकी करत बसली तरी चालेल."

बारकीनं कमरेचा दोर सोडला. "एकवीस वर्षांत घरचं कोणी इथे आलं नाही," ती म्हणाली. "तू पहिली. आणि तीही न्यायला."

मग तिनंच ठरवलं. "गुरुवारच्या होडीनं मी जाते. एकटी. आईनं मला ओळखलं, तर मी तिथेच राहीन. नाही ओळखलं, तर मग तू ठरव."

"आणि हे कोण बघणार?"

"तू."

"डोकं फिरलंय का तुझं? आज सकाळीच मी..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आणि म्हणूनच. आता तू हात लावणार नाहीस."

गुरुवारी होडी गेली. बारकी गेली आणि चौसष्ट अंड्यांसह मी राहिले. उचलली जीभ लावली टाळ्याला, पक्षी काय आपले आपण वाढतात, असं म्हणणारी मी, उजाडताच काठी डोक्यावर धरून दगडांवरून उड्या मारत खोपटी गाठायची. कुरव आला की काठी आपटायची. हात मांडीखाली दाबून बसायची. शनिवारी सकाळी सतरा नंबर विचित्र वागायला लागली. सारखी उठायची, वाकून अंड्याशी बोलायची, गप्प राहून ऐकायची, परत बोलायची. वारा पडला तेव्हा मलाही ऐकू आलं. आतून बारीक चिवचिव येत होती. अंडं अजून फुटलं नव्हतं, आणि आतल्याची नि बाहेरच्या आईची ओळख चालू झाली होती! हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी किती वेळ ऐकत बसले, कोण जाणे. डबा उघडायचंही भान राहिलं नाही.

दुपारी खाली आले. बारकीच्या घरामागे एक खडक आहे, तेवढ्यावरच फोन लागतो. तिथे उभी राहिले आणि फोन वाजला.

"ताई."

"बोल. ओळखलं?"

"नाही," बारकी म्हणाली. "काल झोपली होती. आज समोर बसले, म्हटलं, आई, मी बारकी. तर म्हणाली, बारकी एवढीशी आहे, तुझे तर केस पांढरे आहेत. दूर हो म्हणाली."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, किंचित बरंही वाटलं, आणि मग त्याचं जास्त वाईट वाटलं.

"ताई, ती जेवत नाहीये. भावोजी म्हणतात सोमवारपासून हेच चाललंय. तुला काळजी नको म्हणून बोलले नाहीत. दोन घास घेते आणि तोंड मिटते. सारखी दाराकडे बघते."

"तुझी वाट बघत असेल."

"माझी नाही गं. ती विचारते, ती ओरडणारी कुठे गेली? ती आल्याशिवाय मी खायची नाही म्हणते. मी म्हटलं, सिस्टर का? तर माझ्यावरच चिडली. सिस्टर नाही, म्हणाली, सिस्टर पगारी असते. ती ओरडणारी. आमची."

मी खडकावर मटकन बसले.

"ताई? आहेस ना?"

"तिच्या कानाला लाव फोन," मी म्हटलं. पलीकडे खुडबुड झाली, श्वास ऐकू आला. आणि मी माझ्या नेहमीच्या आवाजात, सगळ्या बेटाला ऐकू जाईल असं ओरडले, "आई! ताट पुढ्यात आहे ना? मग कोणाची वाट बघतेस? मुकाट्यानं जेव!"

खालच्या खडकावरचे सगळे कुरव उडाले. मग आईचा आवाज आला, फोनपासून लांब, शेजारी कोणाला तरी सांगितल्यासारखा.

"ऐकलंस? आहे. ही माझी."

थोड्या वेळानं बारकी परत फोनवर आली. "जेवतेय, ताई," ती म्हणाली.

"सोमवारच्या होडीनं परत ये," मी म्हटलं. "मला घरी जायचंय."